जुन्या साड्यांची पिशवी

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात एका हिरव्या स्वेटरची एक बाही तिच्या हातात होती, दुसरी सुधन्वाच्या.

"मेला सोडत पण नाही," ती पुटपुटली.

"मेलो नाही अजून. पण सोडला, घ्या."

मराठी ऐकून तिनं जीभ चावली, मग हसली. अहिल्या तिचं नाव. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात ती हिशेब बघायची. पुढे दोघं रोज मेट्रोत शेजारी उभी राहू लागली.

"कोनाडा म्हणजे?" त्यानं एकदा विचारलं.

"यार, तू नक्की मराठीच ना?"

"दिल्लीत वाढलो. तू शिकव ना… आयुष्यभर."

तिनं स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढल्या. "आधी आमचं घर बघ."

घर रेल्वेलायनीजवळच्या झोपडपट्टीत होतं. सुधन्वा खिशातलं पाकीट दाबून धरत चालला. ते तिनं पाहिलं. आत दोन पक्क्या खोल्या, लखलखीत भांडी, आणि एकच खुर्ची. ती त्याला दिली.

"जागा सरकारची आहे," तिचे वडील मुरलीधर म्हणाले. ते गवंडी होते.

"आमचंही क्वार्टर सरकारचंच. बाबा रिटायर झाले की सोडायचं."

"तुम्हाला तारीख तरी माहीत असते," अहिल्या म्हणाली. सगळे हसले.

संक्रांतीला सुधन्वाच्या आईनं, पद्मजाताईंनी, हळदीकुंकू केलं. अहिल्या काळी साडी नेसून आली. पद्मजाताईंनी तिला कुंकू लावलं.

"किती गोड मुलगी. राहतेस कुठे गं?"

तिनं सांगितलं.

वाणाचा स्टीलचा डबा पद्मजाताईंच्या हातात होता. तो त्यांनी परत ठेवला, आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. "जुन्या साड्या आहेत. तुमच्या तिकडे कुणालाही होतील."

बायका आपापल्या बशीत बघू लागल्या. सुधन्वा तिळगुळाची वाटी घेऊन दारात उभा होता. अहिल्यानं त्याच्याकडे पाहिलं, वाट पाहिली. तो वाटीकडे बघत राहिला.

तिनं पिशवी भिंतीशी नीट ठेवली आणि चपला घातल्या.

रिक्षापाशी त्यानं तिला गाठलं. वाटी हातातच होती. "आई जुन्या वळणाची आहे गं. मी समजावतो तिला… हळूहळू."

"त्यांचा राग नाही. त्या मला ओळखत नव्हत्या. तू ओळखत होतास."

"अहिल्या, माझं प्रेम आहे तुझ्यावर—"

"माहीत आहे. पण रस्त्यावर सांगतोयस. आत सांगायचं होतं."

त्यानं वाटी पुढे केली. सणाच्या दिवशी नाही म्हणू नये, म्हणून तिनं एक लाडू उचलला.

‘गोड बोल’ म्हणायला त्याचं तोंड उघडलं नाही. रिक्षा निघाली.