टेबलाची सवय

१९८८ सालची गोष्ट. तेव्हा माझ्या बॅगेत एक स्क्रूड्रायव्हर, स्पिरिटची बाटली, कापूस आणि दहा फ्लॉप्या असत, आणि एवढ्या भांडवलावर मुलुंड ते घाटकोपरची ऑफिसं मला कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणत. मीही म्हणू देत असे. मशीन खोटं बोलत नाही, बिघाड झाला म्हणजे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगत फिरायचो.

घाटकोपर पूर्वेला चंद्रप्रकाश वकिलांचं ऑफिस होतं. फ्लॅटचे करारनामे टाइप करणं हे तिथलं मुख्य काम. जानेवारीत त्यांनी कॉम्प्युटर घेतला, त्याच्यासाठी प्लायवूडची केबिन केली, एसी बसवला आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लावली. घरच्या देवघराला नसेल एवढं सोवळं त्या केबिनला होतं. टेबल तेवढं जुनंच ठेवलं होतं, सागवानी, पुढची कड हाताच्या घामानं काळी पडलेली.

त्या टेबलावर बसायची प्रेमा. वडील दशरथ गिरणीत होते, संपानंतर घरीच. घर आता प्रेमाच्या नोकरीवर चालणार होतं. टायपिंगच्या क्लासात ती पहिली आली होती, दहाही बोटांनी टाइप करायची, आणि तिचे हात बघत राहावे असे चालायचे. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात मोत्याची एक बारीक अंगठी होती. पहिल्या नोकरीला निघताना आईनं घातली, असं तिनं मला कौतुकानं सांगितलं होतं. तीन महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं होतं. एकतीस मार्चला कायम करणार, नाहीतर घरी बसवणार.

मार्च उजाडला आणि मशीन बिघडू लागलं. ओ, पी, एल, एंटर, काही दाबा, पडद्यावर ढिम्म. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी काहीतरी उद्योग करते, थांबलं नाही तर ते दुसरी बघणार. केबिनच्या काचेतून प्रेमा आमच्याकडे बघत होती. काय बोलणं चाललंय ते तिला कळलं होतं.

कुठली कळ दाबली की काय उमटावं, हे एका छोट्या सेटिंगच्या फाइलीत लिहिलेलं असतं. जेमतेम बारा ओळी. अशी फाइल बिघडली की तिच्यात कचरा दिसतो, हसरे चेहरे, पत्त्यातले बदाम, तुटकी अक्षरं. मी तोच कचरा शोधायला फाइल उघडली. कचरा नव्हता. बारा ओळींखाली आणखी सात ओळी होत्या, एकाखाली एक, नीट. उजव्या टोकाच्या सात कळा बंद केलेल्या, आणि त्यांची कामं कीबोर्डच्या डाव्या कडेच्या एफ-वन ते एफ-सेव्हनवर नेलेली. बिघाड कसला, ही तर कुणीतरी विचार करून केलेली मांडणी होती.

मी सात ओळी पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत हजर. पुन्हा पुसल्या, पुन्हा आल्या.

“मी त्या फाइलीला हातसुद्धा लावला नाही, सर. आईशप्पथ,” प्रेमा म्हणाली. माझा तिच्यावर विश्वास बसला.

मग माझंही डोकं फिरलं. शनिवारी दुपारी मी फाइल दुरुस्त केली, तिची एक प्रत फ्लॉपीवर घेतली आणि फ्लॉपीच्या खाचेवर चंदेरी चिकटपट्टी लावली. ती लावली की त्या फ्लॉपीवर कुणालाही लिहिता येत नाही, मशीन साफ नकार देतं. केबिनला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कीबोर्डच उपटून रेक्झिनच्या पिशवीतून मुलुंडला घरी घेऊन गेलो. बायको मृणालिनी म्हणाली, आता हेही सांभाळायचं का घरात? मी म्हटलं, बघच तू सोमवारी.

सोमवारी कीबोर्ड जोडला, फाइल उघडली. सात ओळी होत्या.

फ्लॉपी तर माझ्या बॅगेत, माझ्या घरी होती. चिकटपट्टी जशीच्या तशी. मी ती मशीनमध्ये घातली.

तिच्यातही सात ओळी होत्या.

मी बाहेर येऊन चपला घातल्या आणि हेडक्लार्क जयंतीभाईंसमोर जाऊन बसलो. माणूस जुना, ऑफिसचा सगळा इतिहास त्यांच्या जिभेवर. त्यांनी चहा मागवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की मशीनच्या कुठल्या बाजूच्या कळा चालत नाहीत. उजव्या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

“त्या टेबलावर मार्तंडराव बसायचे,” ते म्हणाले. “छब्बीस वर्षं. टाइपरायटर होता तेव्हा.”

लहानपणी गावच्या गुऱ्हाळात मार्तंडरावांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चरकात गेली होती. उरलेल्या आठ बोटांवर माणूस सबंध ऑफिस ओढायचा. उजवा हात पोचत नसे तिथं डावा धावत जायचा, त्यामुळे त्यांच्या टाइपिंगचा आवाजच निराळा होता, मध्येच अडखळून पुढे पळणारा. गेल्या दिवाळीत ते गेले. कॉम्प्युटर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

मी केबिनमध्ये परत गेलो. प्रेमा जेवायला गेली होती. कीबोर्डवर हात ठेवला, उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटली आणि जिथं पोचता येईना त्या कळा मोजल्या.

सात.

त्या दिवशी मी ओळी पुसल्या नाहीत. दोन-तीन दिवस काय करावं तेच सुचेना, आणि तेवढ्यात प्रेमानंच वाट काढली.

“राहू द्या ना तसंच, सर. मला आता त्याचीच सवय झालीये. उलट जास्त भरभर होतंय.”

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मार्तंडराव असोत की आणखी कुणी, पोरीचं भलंच होत होतं. मी सात ओळी कायम केल्या, आणि पुन्हा कुणी खुडबूड करू नये म्हणून फाइलीला कुलूप लावलं, म्हणजे तिच्यात बदल करता येणार नाही असं केलं. त्यानंतर मशीननं एकदाही त्रास दिला नाही.

एकतीस तारखेला सकाळी अकराला वकीलसाहेबांनी चाळीस पानांचा करारनामा तिच्यापुढे टाकला, चारच्या आत हवा म्हणून. मी मुद्दाम थांबलो होतो. केबिनमधून कळांचा आवाज येऊ लागला, मध्येच अडखळून पुढे पळणारा. जयंतीभाईंच्या हातातला चहा निवून गेला तरी ते ऐकत होते. सव्वातीनला कागद साहेबांच्या टेबलावर होते, आणि चाळीस पानांत एक चूक सापडली नाही. साहेबांनी तिथल्या तिथं कायम केल्याच्या पत्रावर सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रेमा पेढे घेऊन आली. नवी साडी, केसांत अबोली, चेहरा नुसता फुलला होता. ऑफिसभर वाटून ती माझ्यासमोर आली. मलाही आनंद झाला होता, अगदी मनापासून. तिनं तीन बोटांत पेढा धरून माझ्या हातावर ठेवला. उरलेली दोन बोटं तळव्याशी मिटलेली होती.

मी सहज बोलल्यासारखं म्हणालो की हवं तर कीबोर्ड पहिल्यासारखा करून देतो, आता काही घाई नाही.

“नको हो, सर. आता कुठे सगळं नीट झालंय.” ती हसली.

अंगठी तिच्या डाव्या हातात होती. ती का बदलली, असं मी विचारलं.

“त्या बोटात ती राहतच नाही हल्ली. गळून पडते,” ती पेढ्यांचा बॉक्स बंद करत म्हणाली. “खाली वाजते, तेव्हा कळतं.”

मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं जागच्या जागी होती. तिनं सणासारखं लाल नेलपॉलिश लावलं होतं, तीन नखांना.