डाव्या हातावरचा डाग

बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका फरसाणाच्या दुकानावर डॉक्टर दीप्ती यांचा दवाखाना आहे. जिन्यात तळणाचा वास आणि बाकड्यावर जागा नाही, हे तिथलं रोजचंच. प्रेमाचा नंबर अकरावा होता. कोपर झाकणारा लांब बाहीचा ब्लाउज घालून ती तासभर बसून राहिली. स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे धावणारी ती बाई नव्हती. पण लेक श्रुतिका आठव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आली होती. बाळ आलं की आपल्याला त्याला उचलून घेता येईल की नाही, एवढंच प्रेमाला विचारायचं होतं.

डाग डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला होता. तळहाताएवढा, काळपट, कडेला फिकट होत गेलेला.

"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी भिंग लावून विचारलं.

"दीड वर्ष तरी. आधी वाटलं, तव्याचा चटका असेल."

"खाज? दुखतं?"

"नाही. गरम लागतो तेवढा. आणि संध्याकाळपर्यंत हात भरून येतो."

डॉक्टरांनी तिचे दोन्ही दंड दाबून पाहिले. "डावा केवढा भरलाय. रोज कुणाला कडेवर घेता का?"

"घरात लहान कुणी नाही," प्रेमा म्हणाली.

वजन काट्यावर त्रेसष्ट भरलं. दोन वर्षांत अकरा किलो वाढलं होतं, आणि ब्लाउज मात्र सैल होत चालले होते. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली, डागाचा बारीक तुकडा काढून लॅबला पाठवला आणि सांगितलं, "संसर्ग वाटत नाही. तरी रिपोर्ट येईपर्यंत थांबू या." प्रेमाला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

घरी सहदेवने बायकोच्या हाताकडे पाहिलं आणि फोन उचलला. "गावाक फोन करतंय. देवाक गाऱ्हाणा घालूक होया."

"ठेव तो फोन," ती म्हणाली. "लेकीसमोर नाटकं नकोत."

शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली प्रेमा काट्यावर भरेल तेवढंच खरं मानायची. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने दार लावलं आणि मोठ्या काट्यावर उजवा हात कोपरापासून सैल टेकवला. दोन किलो भरला. मग डावा टेकवला. तेरा भरले. काटा शून्यावर आणून तिने पुन्हा टेकवला. तेराच. वही उघडून तिने तारीख लिहिली आणि पुढे काय लिहावं ते तिला सुचेना.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी बाहेरचे दोन पेशंट थांबवून ठेवले.

"थायरॉइड ठीक आहे. कातडीही निरोगी आहे." त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "फक्त तुकड्यात लव निघालीय. पोटातल्या बाळाच्या अंगावर असते तशी. मला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. उरलेला भाग दुसऱ्या लॅबला दिला. तिथेही तेच."

प्रेमाने बाही कोपराखाली ओढली.

"त्या जागी कधी काही झालं होतं का? नीट आठवा."

आठवायला लागत नव्हतंच. दोन वर्षांत ती ते एक दिवसही विसरली नव्हती.

"श्रुतिकाचं हे दुसरं," ती म्हणाली. "पहिला मुलगा. पूर्ण दिवसांचा होता, पण गेलेलाच आला. ती शुद्धीवर नव्हती. तिला दाखवायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं. आमचे हे कागद करायला गेले तेव्हा नर्सने त्याला माझ्याकडे दिलं. अर्धा तास होता. या हातावर."

"मग?"

"आमच्यात नवं बाळ पहिल्यांदा हातात आलं की आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्याला तीट लावतात. माझ्या हातून तीसेक पोरांना लागली असेल. बोट आपसूक गेलं, मॅडम. लावल्यावर लक्षात आलं. कुणाची नजर लागू नये, कुणी त्याला नेऊ नये म्हणून लावतात ती. मी ती त्याला लावली. आणि मग त्याला पुरायला दिलं."

खाली दुकानात कुणीतरी पापडीचा भाव विचारत होतं.

"मुलीला माहीत आहे?"

"तिला सांगितलंय, मी बघितलंसुद्धा नाही."

डॉक्टरांनी मलमाचं नाव लिहिलं. बराच वेळ लिहीत राहिल्या. "हे लावा. पण तिला सांगा. तेच आधी करा."

"येणाऱ्या बाळाला घेतलं तर चालेल ना?"

"उजव्या हातावर घ्या," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

मुलगी झाली. गोरी, दणदणीत रडणारी. पाचव्या दिवशी श्रुतिका तिला घेऊन घरी आली. मलम अर्धं संपलं होतं, डाग होता तसाच होता. रोज सकाळी प्रेमा सांगायचं ठरवायची आणि रोज लेकीचा हसरा चेहरा बघून गप्प बसायची. तिला लेकीची भीती वाटत होती, हे खरं.

दुपारी जेवणं झाल्यावर श्रुतिकाने बाळ पुढे केलं. "घे की. आल्यापासून लांबलांब राहतेयस."

प्रेमाने नातीला उजव्या हातावर घेतलं. पोर तिच्या छातीशी गप्प झाली. किती महिन्यांनी तिला बरं वाटलं. ती खिडकीशी उभी राहून हलकेच डोलू लागली.

डावा हात कोपरात वाकलेलाच होता. तो तसाच असायचा आता.

श्रुतिका पलंगावरून बघत होती. बराच वेळ.

"आई, दोघांना एकदम घेऊ नकोस गं. दमशील."

प्रेमाचं डोलणं थांबलं.

"त्याला माझ्याकडे दे," श्रुतिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने दोन्ही हात पसरले.

प्रेमा पलंगापाशी गेली. वाकली. डावं कोपर तिने हळूहळू सरळ केलं.

हात हलका झाला.

श्रुतिकाचे हात खाली दबले, मांडीपर्यंत आले. तिने ते सावरले, छातीशी घेतले आणि मान झुकवली.

"पंखा जरा मोठा कर," ती कुजबुजली. "त्याला घाम आलाय."