बटणांच्या डब्यातला गुरुवार

तो दारात आला तेव्हा माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या, त्यामुळे मला लगेच काही बोलता आलं नाही. तेवढ्या वेळात मी त्याला नीट बघून घेतलं, हा त्यातला फायदा.

मार्च संपत आला होता. बाहेर निम्मा पाऊस आणि निम्मा बर्फ असलं काहीतरी पडत होतं. फाटकाशी एक पांढरी गाडी, टपावर सळ्याच सळ्या. आणि दारात ओली टोपी हातात धरलेला एक उंच मुलगा, डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

"माफ करा हं मॅडम. तुमच्या घरातून आवाज येतोय."

मी टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. "घरात मी एकटी आहे. आणि मी तर अजून तोंडही उघडलं नाही."

"कानाला येणारा नव्हे. दुर्बिणीला येणारा."

म्हणजे हा दुर्बिणीच्या ऑफिसातला नवा माणूस. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या आमच्या त्या खोऱ्यात सगळ्यांना एकच शिस्त होती. खाली मैदानात रेडिओ दुर्बिणीची ती थोरली पांढरी थाळी उभी, ती ताऱ्यांकडून येणारं अगदी क्षीण काहीतरी ऐकत असायची, म्हणून आम्ही सगळ्यांनी गप्प राहायचं. मोबाइल नाही, वायफाय नाही. कुणाचा जुना हीटर बिघडला आणि लहरी सोडायला लागला की ही गाडी दारात उभी. एकदा डॅडींची विजेवरची शेकायची पिशवी पकडली होती त्यांनी.

"शोधा," मी म्हटलं. "पाय पुसून."

त्याच्या हातात माशाच्या काट्यासारखी एक अँटेना होती आणि गळ्यात एक डबा. स्वयंपाकघर झालं, डॅडींची खोली झाली. मग तो माझ्या शिवणाच्या खोलीत शिरला आणि अँटेना थेट आईच्या मशीनकडे वळली.

"जरा चालवता?"

मी पायाखालचं पेडल दाबलं. डबा असा काही करवादला की माझा पायच उचलला गेला.

"हीच ती," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष मशीनखालच्या कापडाकडे गेलं. राखाडी, चमकतं, हाताला गार लागणारं. त्याने ते दोन बोटांत धरलं. "हे तर चांदीच्या धाग्याचं कापड. लहरी अडवायचं."

"ओढ्यापलीकडच्या मिसेस हॉलबर्गसाठी. सहा खिडक्यांचे पडदे आहेत."

मिसेस हॉलबर्ग आयोवाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. फोन, तारा, टॉवर यांच्याजवळ त्यांचं डोकं फुटायला यायचं, झोप उडायची. डॉक्टर म्हणायचे, असं काही नसतं. त्या म्हणायच्या, डोकं माझं आहे. इथे त्यांना बराच आराम होता, तरी त्यांच्या मते कुठून तरी थोडं येतच होतं.

त्या मुलाने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा खिडकीतून ओढ्यापलीकडच्या घराकडे... आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"हसायचं असेल तर हसा," मी म्हटलं.

"नाही, नाही. म्हणजे... लहरी अडवायचे पडदे तुम्ही खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या मशीनवर शिवताय."

आणि मग तो हसला. मला राग यायला हवा होता. आलाही, पण फार वेळ टिकला नाही. त्याचं नाव एमरी टॅकेट. माझं लेटा, हे त्याला मी न विचारताच सांगून टाकलं.

"नवीन मशीन घ्या ना."

"आईची आहे. आई गेली, मशीन राहणार."

टोपी घालताना तो म्हणाला, "मग हीच दुरुस्त करू. पुढच्या गुरुवारी."

आमच्या बाजूला ती गाडी गुरुवारीच यायची. पुढच्या गुरुवारी त्याने शेंगदाण्याएवढा एक तुकडा आणला, दोन बारीक तारांचा, आणि मोटारीजवळ बसवला. मी पेडल दाबलं. डबा गप्प. तो बराच वेळ हत्यारं पुसत बसला, पुसून झालेलीही पुसत बसला.

"चला," तो म्हणाला. "आता इथे यायला काही कारण उरलं नाही."

"नाहीच."

"तीन महिने मला पारखणार आहेत. आवाज शोधून बंद करता आले तर नोकरी, नाहीतर मी परत केंटकीला. हा पहिलाच बंद केला मी."

"अभिनंदन."

तो गेला, आणि मला ते घर इतकं शांत वाटलं की नकोसं झालं. आठवडाभर मी पडदे शिवले, तीनदा चुकीच्या बाजूने टीप घातली, उसवली. बुधवारी दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तो शेंगदाणा काढला आणि बटणांच्या डब्यात टाकून दिला. लाज वाटली का? वाटली ना. पण गुरुवारी सकाळी मी निळा ब्लाउज इस्त्री करून घातला, हेही खरं.

अकरा वाजता गाडी आली.

"विचित्र आहे," एमरी खाली वाकून म्हणाला. "सुटून पडला बहुतेक. सापडला का कुठे?"

"नाही बाई."

"माझ्याकडे दुसरा आहे."

त्याने दुसरा बसवला. मी त्याला मक्याची भाकरी आणि राजमा वाढला. पुढच्या बुधवारी तोही बटणांच्या डब्यात गेला.

मधल्या काळात मिसेस हॉलबर्गकडे पहिला पडदा लागला होता. मी तो छान चुण्या घालून, खिडकीच्या चौकटीबरोबर बेतून शिवला होता. एमरीने आतून डबा लावला आणि मान हलवली.

"दिसायला सुंदर आहे. कामाला शून्य."

"का म्हणून?"

"कडेने सगळं आत येतंय. दोन्ही बाजूंनी भिंतीवर वीतभर जायला हवा, खाली जमिनीपर्यंत. एक तार काढून बाहेर मातीत पुरायची. आणि हे दोन पन्हे तू सुती दोऱ्याने नुसते जोडलेस. चांदीला चांदी लागली पाहिजे, मध्ये फट नको."

तू म्हणाला मला. त्याच्याही लक्षात आलं, कान लाल झाले.

"दोन्ही काठ एकमेकांत अडकवून दुमडते," मी म्हटलं. "जीन्सच्या पायाला असते ना, तशी शिलाई. मग फट कुठून राहील?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे माझ्या डोक्यात आलं नसतं."

"तुझ्या डोक्यात डबा आहे."

मिसेस हॉलबर्ग खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांनी एमरीला सरळ विचारलं, "मला हे जे होतं ते तुला खरं वाटतं का रे?"

"मोजणं माझं काम," तो म्हणाला. "तुमचं डोकं मला मोजता येत नाही. पडदा येतो. तो मी पक्का करून देईन."

त्या म्हणाल्या, आजवर मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर.

नव्या पद्धतीचे पडदे लांबरुंद झाले. एकट्याने घडी घालणं शक्य नव्हतं. चौथ्या गुरुवारी, तिसरा तुकडा बसवून झाल्यावर, आम्ही माझ्या अंगणात समोरासमोर उभे राहिलो, मध्ये ते चंदेरी कापड. ऊन कापडातून पाण्यासारखं झिरपत होतं, आणि पलीकडे त्याची नुसती सावली. एक घडी. दोन पावलं पुढे. दुसरी घडी. तिसरी... चौथ्या घडीला त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि कापड कुणाच्या हातात आहे हे दोघांनाही कळेना.

"लेटा..."

"हं?"

"काही नाही. पुढच्या आठवड्यात शनिवारी अग्निशमन केंद्रात ते जेवण आहे ना, रानकांद्याचं? सगळे मला भीती घालतायत."

"घालणारच. ते रानकांदे, आम्ही रॅम्प म्हणतो, खाल्ले की तीन दिवस अंगाला वास. आमच्याकडे नियम आहे, घरात एकाने खाल्ले की दुसऱ्यानेही खायचे, नाहीतर एकत्र राहवत नाही."

"मग मला नको. दर सोमवारी माझ्या वरिष्ठांशेजारी, ग्रीरसाहेबांशेजारी, दिवसभर गाडीत बसायचं असतं मला."

त्याने कापड माझ्या हातात दिलं. मला वाटलं, अजून काही बोलेल. नाही बोलला. मीही नाही. माझी सगळी भिस्त बुधवारच्या स्क्रू-ड्रायव्हरवर.

पाचव्या गुरुवारी तो आला तो टोपी न काढताच. खुर्चीवर बसला नाही.

"दुर्बिणीवर एक मुलगी आली होती, शिकणारी. दोन वर्षं वाट बघून तिला चार तास मिळाले होते, काल दुपारचे. तिच्या सगळ्या नोंदींवर आवाज आहे. या बाजूचा." तो मशीनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "रडली ती, ग्रीरसाहेबांच्या ऑफिसात. मी तिथेच उभा होतो."

काल दुपारी मी पडद्याचे काठ शिवत होते. शेंगदाणा डब्यात होता. मला म्हणायचं होतं, मी केलं हे, तुझ्यासाठी केलं, मूर्ख आहे मी... आणि मी खाली वाकून दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसले. त्याने खिशातून नवा तुकडा काढला, बसवला, आणि निघून गेला. जेवायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिसेस हॉलबर्गकडे शेवटचा पडदा लावायला गेले. त्या अडकवायला कडी शोधत माझ्या बटणांच्या डब्यात हात घालत होत्या.

"लेटा, ही कुठल्या कोटाची बटणं गं? दोन दोन शेपट्या असलेली. तीन आहेत."

मी शिडीवरच बसले आणि सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पडद्याची चुणी सारखी करत म्हणाल्या, "माझा नवरा आणि मी दिवसातून सहा वेळा फोनवर बोलायचो. दूध संपलंय, उशीर होईल, असलंच. मनातलं एकदाही बोललो नाही. ज्याला बोलवायचंय त्याला तोंडाने बोलव गं पोरी. मशीनने नको."

मी तशीच, शिवणाचा एप्रन न काढता दुर्बिणीच्या ऑफिसात गेले. ग्रीरसाहेबांच्या टेबलावर ते तीन तुकडे ठेवले. "दोष माझा आहे. एमरीचा नाही. त्याला काढू नका."

ग्रीरसाहेब जाडजूड, शांत माणूस. त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली. आमच्या घरापुढे दोन गुरुवार 'कारण सापडलं नाही' असं लिहिलेलं, एमरीच्या अक्षरात. आणि खाली कालची तारीख: 'कारण मला माहीत होतं. तुकडा आपोआप सुटत नव्हता, हे दुसऱ्या वेळेलाच कळलं. कळूनही लिहिलं नाही, कारण मला पुन्हा जायचं होतं. चूक माझी. घरातल्यांना नोटीस देऊ नये.'

"तुम्ही खोडी केलीत," ग्रीरसाहेब म्हणाले, "त्याने वहीत खोटं लिहिलं. माझ्याकडे वही खोटी चालत नाही. त्याला काल मोकळं केलं मी." मग जरा हळू आवाजात, "त्या मुलीला पुढच्या महिन्यात चार तास परत दिलेत. तेवढं मनाला लावून घेऊ नका."

घरी आले. उरलेलं चांदीचं कापड काढलं आणि शिवणाच्या खोलीच्या खिडकीला पडदा शिवला, भिंतीवर वीतभर, जमिनीपर्यंत, तार मातीत. आता मशीन कितीही ओरडली तरी बाहेर काही जाणार नव्हतं. शिवताना रडत होते, टीप वाकडी गेली. ती अजून वाकडीच आहे.

शनिवारी अग्निशमन केंद्रात ही रांग. मी वाढायला उभी होते. डुकराच्या चरबीत परतलेल्या रानकांद्यांचा वास पार रस्त्यापर्यंत. बटाटे, हॅम, राजमा, आणि माझ्या पळीखाली रॅम्पची परात. मान वर केली तर समोर एमरी, हातात रिकामी ताटली.

"भरपूर वाढ," तो म्हणाला. "सोमवारी मला कुणाशेजारी बसायचं नाहीये."

"मी वही वाचली."

"हं." तो ताटलीकडे बघत राहिला. "उद्या सकाळी केंटकीला निघतोय. म्हटलं, एकदा चव बघून जावं..."

मागून कोणीतरी ओरडलं, पुढे सरका. मी सरकले नाही. त्यालाही सरकू दिलं नाही.

"एमरी, ऐक. आवाज नाही, लहरी नाहीत, मशीन बंद आहे. तोंडाने सांगतेय. तू जाऊ नकोस. मला तू हवा आहेस. गुरुवारीच नव्हे, रोज."

डॅडी पावाच्या टेबलाशी उभे होते, त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

एमरीने आपली ताटली माझ्यासमोर धरली, अजून थोडे वाढ म्हणून. मग काटा घेतला, एक घास उचलला आणि टेबलावरून माझ्याकडे पुढे केला.

"नियम आहे ना तुमच्याकडे," तो म्हणाला. "एकाने खाल्ले की दुसऱ्यानेही..."

मी खाल्ला. तीन दिवस आमच्याजवळ कोणी फिरकलं नाही, आणि आम्हाला कुणाची गरजही नव्हती.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. एमरी खोऱ्यातल्या सगळ्यांचे हीटर, पंप, मशीनी दुरुस्त करतो, आवाज निघायच्या आधीच. ग्रीरसाहेब निवृत्त होईपर्यंत स्वतः त्याच्याकडे माणसं पाठवायचे. मिसेस हॉलबर्ग गेल्या वर्षी वारल्या. त्यांचे पडदे मी उतरवून आणले, चांदी काळवंडली होती, पण एकाही शिलाईला फट नव्हती. शेवटपर्यंत त्यांना छान झोप लागायची, त्या सांगायच्या.

माझ्या खोलीतला पडदा मी वर्षातून एकदा हाताने धुते, अंगणात वाळवते, आणि घडी घालायला एमरीला हाक मारते. समोरासमोर उभे राहतो. कापड विरलंय, आता त्यातून त्याची सावली नाही, तोच दिसतो, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. त्या पडद्याला अजूनही चार घड्या लागतात. तो तिसऱ्या घडीलाच माझ्यापाशी येऊन पोचतो.