नळीखालचं झाकण

ही गोष्ट खोटी असती, तर मला झोप तरी बरी लागली असती.

पण ती माझ्यासमोर घडली आहे. मार्च महिना. भर दुपारचे साडेतीन. जागा, मामाच्या जुन्या रेजिमेंटचं संग्रहालय.

मामा रणगाड्यावर तोफ चालवायचा. रेजिमेंटला शंभर वर्षं होणार होती, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आलं. तो सांगायचा, मी टाइप करायचो.

घोड्यांचा काळ हसतखेळत उरकला. एक घोडी म्हणे फक्त आचाऱ्याचं ऐकायची, साहेबाला लाथ मारायची. पुढे घोडे गेले, रणगाडे आले.

मग युद्धाचं प्रकरण आलं... आणि मामा अडखळायला लागला.

"लिही. आमच्या रणगाड्याला गोळा लागला. आम्ही तिघं बाहेर पडलो. चालक जागीच ठार झाला."

त्या चालकाला सगळे पैलवान म्हणायचे. होता मात्र काडीसारखा. मामाचा जिवलग.

मी टाइप केलं. जागीच ठार.

ठक्... ठक्... ठक्.

आवाज अंगणातून आला. तिथे चौथऱ्यावर तोच रणगाडा उभा होता. युद्धानंतर ओढून आणलेला, रंग देऊन ठेवलेला.

"उन्हानं लोखंड वाजतंय," मी म्हणालो.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डोक्यावर पंखा फिरत होता... पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती. बाहेर एकही पाखरू बोलत नव्हतं.

ठक्... ठक्... ठक्.

मामा उठला आणि तडक बाहेर गेला. मी मागोमाग.

रणगाड्याच्या पुढच्या बाजूला चालकाचं आत-बाहेर करायचं झाकण होतं. त्याच्या बरोबर वर तोफेची नळी आली होती. झाकण उचललं, तर नळीलाच अडणार.

आवाज त्या झाकणाखालून येत होता.

"तो जागीच मेला नव्हता रे," मामा म्हणाला. "नळी अशीच आडवी आली होती. ती फिरवायचं चाक माझ्या हाताशी होतं. चार फेरे दिले असते, तर सुटला असता. पण आग लागली... आणि मी उडी मारून पळालो. तो आतून ठोकत होता. मी कानांवर हात ठेवले."

आणि अडुसष्ट वर्षांचा माझा मामा त्या तापलेल्या लोखंडावर चढला. नळीला खांदा लावून रेटायला लागला. नळी कधीच वेल्डिंग करून पक्की केली होती. ती काय हलणार?

आतलं ठोकणं वाढलं. भराभर...

"पैलवाना, थांब! आलो!"

...आणि एकदम सगळं थांबलं.

मामाचे तळवे भाजले होते. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुला ऐकू आलं ना?"

हो म्हटलं असतं, तर ते वाक्य खोडावं लागलं असतं. मामाचा सत्कार ठरला होता. आई गावभर सांगत सुटली होती. आणि खरं सांगायचं तर... माझी बोबडी वळली होती.

"नाही मामा," मी म्हणालो. "काहीच नाही."

तो खाली उतरला, तो एका क्षणात म्हातारा होऊन. पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. चार महिन्यांनी गेला. आपल्याला वेड लागलंय, असंच समजून गेला.

पुस्तक छापून आलं. वाक्य होतं तसंच.

प्रकाशनाला पैलवानाची बहीण आली होती. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"जागीच गेला ना रे? त्रास नाही ना झाला?"

"नाही, मावशी."

"सुटले बाई." तिने डोळे पुसले. "आमची आई शेवटपर्यंत म्हणायची, पोर आत अडकलंय, ठोकतंय, कुणीतरी काढा त्याला. तार यायच्या आधीपासून म्हणत होती. आम्ही तिला वेडी ठरवली. खोलीत कोंडून ठेवायचो..."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मला मान वर करता आली नाही.

तिचा पत्ता माझ्याकडे आहे. आजवर तीनदा पत्र लिहिलं.

एकदाही टाकलं नाही.