कोणत्या कुशीवर

धंद्यात मला सगळे ठोक्या म्हणतात. घर विकत घेण्याआधी लोक मला बोलावतात, आणि मी त्या घराच्या भिंती, फरशा, छप्पर ठोकून बघतो. गिलावा आतून सुटलेला असला की आवाज बदलतो, तो कानाला कळतो. बायको म्हणते, तुम्हाला कोणाकडे जेवायला न्यायची सोय नाही, हात धुवायला उठलात की त्यांची भिंत वाजवून येता.

पण ज्या घराचं आज सांगतोय, त्याच्या भिंती खणखणीत होत्या. दिवा जरा मोठा करा. हां, असा.

मला बोलावलं होतं एका नर्सताईंनी. आई आणि लेक, दोघीच. आईला झटका येऊन गेलेला, वाचा गेली होती, एक हात सोडला तर अंग हलत नव्हतं. राहायला जिना चढून वर. लिफ्ट नाही. आईला डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीला बांधून चार माणसांनी खाली उतरवायचं. "दादा, आईने कित्येक महिन्यांत आभाळ बघितलेलं नाही," ताई फोनवर म्हणाल्या. "तळमजल्याचं घर आहे, मागे अंगण आहे. तुम्ही फक्त धोका नाही ना, एवढं बघून द्या. माझी ड्युटी सुटली की येतेच."

घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं होतं. तो आता लेकीकडे राहायचा. किल्ली घेऊन तो फाटकात उभा होता. कुलूप त्याने काढलं, पण उंबरा काही ओलांडला नाही.

"आत येत नाही का, काका?"

"तुम्ही बघा. मी इथे पायरीवर बसतो."

दुपार टळली होती. आभाळ कित्येक दिवस भरून राहिलेलं, ना धड पाऊस, ना ऊन. बंद घराला असतो तसा वास होता, जुन्या कापडाचा आणि ओल्या चुन्याचा. वीज तोडलेली, पाणी बंद. मी छपराची लाकडं पाहिली, गटाराची झाकणं उचलली, वायरी तपासल्या. सगळं नीट. मनात म्हटलं, नर्सताईंच्या आईला आभाळ मिळणार.

राहिली मागची खोली. रिकामी, थंडगार. एक खिडकी, तीही सावलीच्या बाजूला. तिथे मी उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. भिंतीत ओल असली तर तो भाग थंड असतो, पडद्यावर निळा दिसतो. ऊब असली की पिवळा. भिंती सरसकट निळ्या आल्या. मी कॅमेरा खाली फरशीकडे वळवला.

फरशीवर कोणीतरी झोपलं होतं.

म्हणजे डोळ्यांना फरशी रिकामीच. पण पडद्यावर पिवळा आकार, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. खांदा, कंबर, जवळ घेतलेले गुडघे. गुळगुळीत फरशीत कधीकधी आपल्याच अंगाची ऊब दिसते, म्हणून मी बाजूला सरकलो. आकार सरकला नाही. मग वाटलं, कोणी बेघर माणूस झोपत असेल, माझी चाहूल लागून आत्ताच पळाला. मागचं दार पाहिलं. आतून कडी, आणि कडीवर धुळीचा थर. फरशीखाली पाइप नाही, खाली नुसती माती.

मी गुडघ्यावर बसून हात टेकवला. चुलीजवळची फरशी तापते ना, तसली ऊब नव्हती ती. झोपेतल्या माणसाच्या पाठीला हात लावावा, तशी.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तरी धंद्याची सवय. वाटलं, बाकीचं उरकून परत यावं, तोवर ऊब उतरली तर प्रश्न मिटला. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, आणि परत येऊन कॅमेरा धरला.

आता तोंड माझ्याकडे होतं.

आकार तोच, पण उजव्या कुशीवर. आणि त्याच्या शेजारी, आधी जिथे काही नव्हतं तिथे, दोन लहान गोल ठिपके. त्यांच्यापुढे फरशीवर टेकलेला हाताचा पंजा. बघता बघता पंजा फिका होत गेला आणि विझला. गोल ठिपके मात्र राहिले. मघाशी हात टेकवायला मी बसलो होतो तो दुसऱ्या बाजूला, दाराकडे. हे भिंतीकडचे होते. तिथे कोणीतरी गुडघे टेकून बसलेलं होतं.

मी बाहेर आलो. धावत नाही आलो, पण मागे वळूनही पाहिलं नाही. शिंपीकाका पायरीवर तसेच बसलेले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"कोणत्या कुशीवर होती?"

"आधी... डाव्या."

"आणि मग?"

"मग उजव्या. शेजारी कोणाचे तरी गुडघे टेकलेले."

त्यांनी मान हलवली.

"बायको माझी. अंथरुणाला खिळली होती. पाठ दुखायची म्हणून खाटेवर नको म्हणायची, खालीच गादी. दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यावी लागायची, नाहीतर जखमा होतात. मशीन थांबवायचो, वळवायचो, परत मशीन. रात्रीही उठायचो. ती गेली, पण माझी जाग जाईना. उठायचो, जायचो, हात लावायचो... फरशी गरम. मग काय करणार? वळवायचो. हाताला काही लागायचं नाही, पण वळवायचो."

"आणि मग घर का सोडलंत?"

"एकदा ताप होता. उठायला उशीर झाला. गेलो तर तिला कोणीतरी आधीच वळवलेलं होतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मी इथे आहे. लेक तिच्या घरी. मग ते गुडघे कोणाचे, सांगा तुम्ही."

तेवढ्यात नर्सताई आल्या. अंगावर ड्युटीचेच कपडे, चेहरा उतरलेला. मी काहीही लपवलं नाही. छप्पर, गटार, वायरी सांगितल्या आणि मागची खोलीही सांगितली. काकांनीही आपलं सगळं परत सांगितलं. ताई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी काकांना एकच विचारलं.

"पाठीला जखमा झाल्या होत्या का हो त्यांच्या?"

"एकही नाही." म्हाताऱ्याची मान एवढ्यापुरती ताठ झाली.

"दादा," ताई माझ्याकडे वळल्या, "मेलेल्यांना मी भीत नाही. जिवंत माणसांना उचलूनच माझी कंबर गेलीय. आईला पुढच्या खोलीत ठेवीन, मागची बंद. चालेल ना?"

चालेल असं मी म्हणालो नाही. घेऊ नका असंच म्हणालो. पण त्यांचे डोळे अंगणाकडे लागले होते. वर उघडं आभाळ होतं, राखाडी का होईना. त्यांनी घर घेतलं.

बऱ्याच महिन्यांनी त्याच गल्लीत दुसरं घर बघायला गेलो होतो. पाय आपोआप तिकडे वळले. दार नुसतं लोटलेलं. हाक मारली तर आतून आवाज आला, "या दादा, इकडे मागे."

मागच्या खोलीतून.

आई तिथे पलंगावर होती, डाव्या कुशीवर. ताई शेजारी खुर्चीत बसलेल्या, पायांवर चादर. चेहरा भरला होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.

"पुढच्या खोलीत रस्त्याचा फार आवाज येतो हो. आईला झोप लागेना, म्हणून इकडे आणलं," त्या म्हणाल्या. "आणि खोटं नाही सांगत, बरंच झालं. पहिल्यांदा रात्री उठले तिला वळवायला, तर वळलेली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी उठायचं सोडलं. किती वर्षांनी अशी झोपते मी! आईची पाठ बघा, साधा लाल डाग नाही."

"ताई, तुम्ही कुठे झोपता?"

"इथेच. आईजवळ, खाली गादी टाकून." त्या जरा थांबल्या. "एक गंमत झाली. परवा जाग आली तर माझ्या दोन गुडघ्यांमध्ये उशी होती. आम्ही वॉर्डात पेशंटला देतो ना, हाडाला हाड घासू नये म्हणून... अगदी तशी. घरात तर दोनच उशा, एक आईची, एक माझी, आणि दोन्ही आमच्या डोक्यांखालीच होत्या."

मी पलंगाजवळ सरकलो.

"सकाळी पाय थोडे जड वाटतात. एवढंच. दिवसा उतरतो जडपणा, म्हणजे उतरायचा." त्या हसल्या. "इतक्या वर्षांचा थकवा, निघायला वेळ लागणारच."

तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. आईचा चालता हात. म्हातारीने मुठीत कापड घट्ट पकडलं होतं. तोंडातून नुसता घशाचा आवाज येत होता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. बघत होती ती लेकीच्या पायांवरच्या चादरीकडे, आणि डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं.

"ताई," मी म्हणालो, "जरा उठून उभ्या राहता का? माझ्यासमोर. एकदाच."

"उठते ना... थोड्या वेळाने." चादरीखाली काहीच हललं नाही. "बसा तुम्ही, दादा. असे कोरडे जाऊ नका. चहा होतच आला असेल."

माझी नजर दाराकडे गेली. घरात आम्ही तिघंच होतो.

आत स्वयंपाकघरात कोणीतरी बशीत कप ठेवला.