एर्सीलियाचा एक दिवस

लुक्का शहराच्या जुन्या तटबंदीवर जाणाऱ्या चढणीच्या मध्यावर एक तरुण चाकांच्या खुर्चीत अडकून बसला होता. खुर्ची मागे सरकत होती आणि त्याने दोन्ही चाकं कशीबशी धरून ठेवली होती.

ओरिएत्ता जेवण आटोपून सायकलींच्या दुकानात कामावर परत निघाली होती. तिने धावत जाऊन खुर्ची धरली आणि एक शब्द न बोलता ढकलायला सुरुवात केली. वर चिनारांच्या सावलीत पोचेपर्यंत तिला चांगलीच धाप लागली.

"चार मिनिटं," घड्याळ बघत तो म्हणाला. मग सहज उठून उभा राहिला आणि चाक तपासायला वाकला.

घाम पुसायला उचललेला ओरिएत्ताचा हात तसाच राहिला.

"तुम्हाला चालता येतं?"

"हो... माफ करा. तुम्ही इतक्या जोरात आलात, की सांगायला सवडच मिळाली नाही."

"चार मिनिटं होती की सवड."

तो हसला, पण हसू फार टिकलं नाही. "खुर्ची आईसाठी आणलीय. दगडांचे धक्के किती बसतात ते बघत होतो."

त्याचं नाव दुइलिओ. राहायला लिव्होर्नोला, तिथल्या गोदीत कामाला. आई, एर्सीलिया, इस्पितळात होती. ती या तटाच्या आत जन्मलेली. लग्न होऊन गेली त्याला चाळीस वर्षं झाली. डॉक्टरांनी तिला पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी बाहेर न्यायची परवानगी दिली होती. फक्त एका.

त्याने खिशातून कागद काढला. त्यावर अकरा ठिकाणं होती, प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली.

"एवढं तर धडधाकट माणसालाही झेपणार नाही," ओरिएत्ता म्हणाली. "यातली आठ खोडा."

"कुठली?"

"ते मी कसं सांगू? आई तुमची आहे."

तो पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याच्याही पुढच्या. ती खुर्चीत बसायची आणि तो ढकलायचा; मग तो बसायचा आणि ती ढकलायची.

"सावकाश. पाठ मोडेल माझी," तो म्हणायचा.

"मोडू दे. जागेवर खुर्ची तयारच आहे."

बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. कागदावरची ठिकाणं मात्र अकराच राहिली. एक नाव खोडायला गेला, की त्याची पेन्सिल थांबायची.

"दुइलिओ," एका रविवारी तिने हळूच विचारलं, "तू आईला विचारलंस का, तिला काय बघायचंय?"

त्याने कागदाची घडी घातली. "विचारलं, तर... तर तिला कळेल, की ही शेवटची फेरी आहे."

"तिला ते केव्हाच कळलं असेल."

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काहीच बघायचं नाही म्हणाली. बुरूज नको, देवळं नकोत. म्हणाली, तटाच्या आत कुणीतरी मला नावाने हाक मारावी. एकदाच. बाई नको, आजी नको... एर्सीलिया."

अकरा ठिकाणांचा कागद त्यांनी फाडला आणि माणसं शोधायला सुरुवात केली. एर्सीलिया जिथे शिवणकाम शिकली, तिथे आता मोबाइल विकत होते. शेजारच्या बहिणी वारल्या होत्या. चौकातल्या म्हाताऱ्या न्हाव्याने डोकं खाजवलं. "एर्सीलिया? पुष्कळ होत्या हो तेव्हा."

"तुझे काका आहेत ना इथे, आईच्याच वयाचे," दुइलिओ म्हणाला. "त्यांना सांग, ओळख असल्यासारखं करा. एक हाक तर मारायची."

"नाही."

"का नाही?"

"चाळीस वर्षांनी ती खऱ्या हाकेसाठी येतेय. खोटी तिला लगेच ओळखू येईल."

"तुला सोपं आहे बोलायला. आई तुझी नाही."

तो रिकामी खुर्ची घेऊन निघून गेला, आणि तो आठवडा तिला फार लांब वाटला.

ठरलेल्या दिवशी तो वेशीपाशी आला तेव्हा ती उभी होती. "दगड चुकवायची वाट मला माहीत आहे," एवढंच ती म्हणाली. त्याने मान खाली घातली आणि खुर्चीची एक मूठ तिच्या हाती दिली.

एर्सीलियाने ओठांना लाली लावली होती. गल्ल्यांतून जाताना ती प्रत्येक चेहऱ्याकडे मान वर करून बघत होती. बेकरीतल्या म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं... आणि विचारलं, "बडीशेपेचा पाव एक देऊ का अर्धा, बाई?"

"अर्धा," एर्सीलिया म्हणाली.

दुपारी तटावर, चिनारांची पानं गळत असताना, तिने तो पाव तिघांत वाटला. ओरिएत्ताला ती काय काय विचारत राहिली. कुठल्या गल्लीत राहतेस? आई काय करते? तिथल्या विहिरीचं पाणी अजून गार लागतं का? मग स्वतःचंही सांगत गेली. मास्तरीणबाईंनी सुई टोचली ते. नवऱ्याने पहिल्यांदा हात धरला तेव्हा तिने घाबरून गुंड्यांचा डबा सांडला ते. खोकला आला, की ओरिएत्ता पाठीवरून हात फिरवायची.

"सगळे गेले गं," शेवटी ती म्हणाली. "माझंच फार उशिरा येणं झालं."

चार वाजता वेशीपाशी गाडी आली. दुइलिओ आईची खुर्ची सांभाळत चढण उतरून गाडीपाशी गेला. ओरिएत्ता तटाच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. गाडीचं दार उघडलं. वाऱ्याने एर्सीलियाची शाल खांद्यावरून घसरली, आणि ओरिएत्ता तिच्या गल्लीतल्या बायका खिडकीतून ओरडतात तशी ओरडली,

"एर्सीलिया! शाल घे गं नीट, वारा सुटलाय!"

रस्त्यावरच्या चार माणसांनी वर पाहिलं. एर्सीलियानेही पाहिलं. मग शाल ओढून घेत तिने खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "घेतली गं, घेतली!"

तीन आठवड्यांनी दुइलिओ एकटाच चढण चढून आला. ओरिएत्ताने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. तिला विचारावं लागलं नाही.

दोघं कठड्याशी जाऊन उभी राहिली.

"नाटक नको म्हणाली होतीस तू," तो म्हणाला.

"नाटक नव्हतंच. सकाळपासून ओळखत होते मी तिला."

"शेवटपर्यंत सांगायची सगळ्यांना... माझी एक ओळखीची आहे लुक्कात." तो तिच्याकडे वळला. "ओरिएत्ता, मी इथे बदली मागितलीय. स्टेशनाजवळच्या गोदामात. पण तटाच्या आत माझंही कुणी नाही... तू सोडून. येऊ का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. खाली वेशीतून माणसं ये-जा करत होती. तिने कठड्यावरचा त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"ये," ती म्हणाली.