सत्तावीस अंशांचं पाणी

टाकीच्या तळाशी चार बोटं रेती होती, तिच्यावर तीन दगड, आणि टाकीच्या तोंडावर बारीक जाळी. खरबी उडी मारून बाहेर पडते, हे डॉ. शालन आचरेकर फार वर्षांपूर्वी फरशीवर वाळलेले चार मासे बघून शिकल्या होत्या. आता बोटाएवढी एक खरबी बिळाच्या तोंडाशी पहारा देत होती. बीळ उपसत होती ती जवळजवळ आंधळी कोळंबी. तिची एक मिशी खरबीच्या शेपटीवर टेकलेली. शेपूट थरथरलं की दोघीही आत.

एकतीस वर्षं शालनताई रोज सकाळी पाटीवर खडूने पाण्याचं तापमान लिहीत आल्या होत्या. सत्तावीस. आकडा एकदाही बदलला नव्हता. त्यांच्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या खडकांत पाणी असंच होतं. ओहोटीला आई कालवं फोडायला बसली की शालनताई डबक्यात पाय सोडत, आणि खरब्या येऊन अंगठ्याला टोचत. तोच समुद्र त्यांनी काचेत जपला होता. बाहेरचा आता बत्तीस अंशांवर गेला होता.

बाहेरच्या उष्म्यापासून वाचायला माणसांसाठी घुमट बांधला, तोही टाकी भरली त्याच वर्षी. चारशे माणसं, सव्वीस अंश हवा. तो आकडाही शालनताईंनीच ठरवलेला. शीतयंत्रं आणखी बारा वर्षं चालतील. त्यांचे सुटे भाग आता कुठेच बनत नव्हते. म्हणून चैत्रात दरवाजा उघडून माणसांना थोडंथोडं बाहेर न्यायचं ठरलं होतं. पहिल्या यादीत शालनताईंची नात जुई होती. सव्वीस वर्षांची, घुमटात जन्मलेली, चार महिन्यांची गरोदर.

तिचा नवरा रोशन गिरकर बाहेरचा. त्याने समुद्रातून नऊ खरब्या आणल्या होत्या. आणखी सापडल्या नव्हत्या. टाकीतल्या अकरांशी त्यांची जोडी जमली तरच समुद्रातला वंश टिकणार होता. पाणी कोणतं ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

महिन्याभरात उत्तर मिळालं. सत्तावीस अंशांत समुद्रातल्या दोन मेल्या. बत्तीसमध्ये टाकीतल्या दोन, हळूहळू सवय लावूनही. साडेएकोणतीसमध्ये दोन्हींकडच्या जगल्या, पण अंडी पांढरी पडली.

"आजी, तुमच्या खरब्या जावयासारख्या लाडावल्यात," रोशन म्हणाला.

"जावई इथे एकच आहे, आणि तो कोळंबीहून आंधळा आहे," जुई म्हणाली. "भिंगाखाली काय दिसलं ते सांग."

"जलठसा. मादीच्या पोटात अंडं तयार होतं, तेव्हाच्या पाण्याचा ठसा त्याच्यावर पडतो. पिल्लू त्याच पाण्यासाठी घडतं. पुढच्या पिढीला पाऊण अंशाचा फरक पेलतो, जास्त नाही. समुद्र सावकाश तापला, तसा ठसा पिढीमागून पिढी सरकत गेला. टाकीत तो होता तिथेच राहिला."

शालनताई पाटीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी जरा निष्काळजी असते, तर बरं झालं असतं."



"अजून वेळ गेलेली नाही," जुई म्हणाली. "पाच अंशांचं अंतर, वर समुद्र तापत राहील ते दोन धरू. पिढीला पाऊण अंश, म्हणजे दहा पिढ्या. खरबीची पिढी वर्षाची. रोशनच्या खरब्या तोवर उरणार नाहीत, पण आपल्या पोचतील. यंत्रं बारा वर्षं आहेतच."

"पोचतील," शालनताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "रोशन, तुम्ही भावंडं किती होतात?"

"सहा. पाच उष्म्याने गेली, मी उरलो."

"जुई, तुझं रक्त मी त्याच भिंगाखाली बघितलं. माणसातही ठसा आहे."

जुईने मनात हिशेब केला असावा. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची. दहा पिढ्या म्हणजे अडीचशे वर्षं, आणि यंत्रं बारा. ती म्हणाली, "मग घुमटाचं तापमान आजपासून वाढव. माझं राहू दे. बाळापुरतं तरी."

"खरबीचं अंडं आठवड्यात तयार होतं. बाईची अंडी ती स्वतः आईच्या गर्भात असतानाच तयार होतात. तुझ्या बाळाचं अंडं तू जन्मायच्या आधीच तयार झालं. इथे, सव्वीस अंशांत. आज वाढवलं, तर ते तुझ्या नातवंडांना लागू पडेल."

"आणि माझ्यावरचा ठसा? तोही सव्वीसचा?"

"नाही. तू ज्या अंड्यातून आलीस ते तुझ्या आईच्या पोटात तयार झालं, ती माझ्या पोटात असताना, घुमटाच्या आधी. तू त्या वर्षीच्या वेंगुर्ल्याची आहेस."

रोशनने यादीचा कागद घडी करून खिशात घातला. शालनताईंनी पाटी पुसली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा वेगळा आकडा लिहिला, पावणेअठ्ठावीस. बिळाच्या तोंडाशी खरबी स्थिर होती.

"कसं होतं गं तेव्हा तिथे?" जुईने विचारलं.

"पहाटे शाल लागायची," शालनताई म्हणाल्या.